एक नंबर ठरतो कसा? पॉप चार्टविषयी वाचकांचे प्रश्न

माझी मुलगी आवडत्या गायिकेचं नवं गाणं आवाज बंद करून रात्रभर लावून ठेवते. ‘त्यानं ते ब्रिटनच्या चार्टवर चढेल’ असं तिचं म्हणणं. खरंच चढतं का? (वाचक, पुणे)

नाही. चार्ट म्हणजे त्या आठवड्यात सर्वांत जास्त चाललेल्या गाण्यांची क्रमवार यादी. ब्रिटनच्या अधिकृत चार्टसाठी फक्त ब्रिटनमधलं ऐकणं धरतात आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १०० या चार्टसाठी फक्त अमेरिकेतलं. शिवाय गाणं किमान ३० सेकंद वाजल्याशिवाय एक प्ले धरला जात नाही. ब्रिटनमध्ये एका माणसाचे एका गाण्याचे दिवसाला जास्तीत जास्त १० प्ले मोजतात, त्यामुळे तिथल्या चाहत्यांचंही रात्रभराचं जागरण वायाच जातं.

पुण्यातलं ऐकणं मोजलं जातं ते दुसऱ्या याद्यांत, त्यातल्या दोन अशा. एक, जगभरचं ऐकणं धरणारा, २०२० साली सुरू झालेला बिलबोर्ड ग्लोबल २००. दुसरा, भारतातल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आयएमआय या संघटनेनं २०२१ मध्ये सुरू केलेला आंतरराष्ट्रीय टॉप २०. या दुसऱ्या यादीत फक्त परदेशी गाणी असतात, हिंदी किंवा मराठी गाणी तिथे शोधू नका. मुलीला सांगा, गाणं आवाज लावून ऐक आणि वेळेवर झोप.

गाणं चांगलं पाचव्या-सहाव्या क्रमांकावर असतं आणि पुढच्याच आठवड्यात एकदम विसाच्या खाली जातं. लोक एका आठवड्यात इतके कंटाळतात? (वाचक, नाशिक)

लोक कंटाळत नाहीत, मोजण्याचा दर बदलतो. ब्रिटनचा चार्ट १४ नोव्हेंबर १९५२ ला निघाला, तेव्हा दुकानांना फोन करून खप विचारत. रेकॉर्ड एकदाच विकत घेतली जायची, त्यामुळे जुनं गाणं आपोआप खाली सरकायचं. (आपल्याकडे रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला त्याच वर्षी डिसेंबरात सुरू झाली.) २०१४ पासून स्ट्रीमिंग, म्हणजे इंटरनेटवरून गाणं वाजवणं, धरायला लागले आणि तेच गाणं रोज ऐकणारा माणूस रोज मोजला जाऊ लागला. मग गाणी महिनोन्‌महिने हलेनात. त्यावर २०१७ मध्ये नियम आला: गाणं किमान नऊ आठवडे चार्टवर राहिलं आणि सलग तीन आठवडे घसरलं, की त्याच्या स्ट्रीमची किंमत निम्मी.

हिशेब असा. पैसे भरून घेतलेल्या खात्यावरचे १०० स्ट्रीम म्हणजे एक विक्री, जाहिराती ऐकत फुकट वापरायच्या खात्यावरचे ६०० म्हणजे एक. म्हणून १० लाख सशुल्क स्ट्रीमचे १०,००० धरले जातात, १० लाख फुकट स्ट्रीमचे फक्त १,६६६. निम्मा दर लागला की हेच आकडे ५,००० आणि ८३३ होतात. ऐकणारे तितकेच राहिले तरी गाणं आपटतं ते यामुळे.

हा नियम मला योग्य वाटतो, कारण तो नसता तर नव्या गायकांना वरच्या चाळीसांत पाय ठेवायला जागा उरली नसती. पण त्यात एक खोट आहे. तीन वर्षांपेक्षा जुनं गाणं आपोआप निम्म्या दरात जातं, मग ते ऐकणारी पिढी नवी का असेना. जून २०२२ मध्ये ब्रिटिश गायिका केट बुशचं १९८५ चं ‘रनिंग अप दॅट हिल’ एका मालिकेमुळे पुन्हा उसळलं. त्या आठवड्यात सर्वांत जास्त स्ट्रीम झालेलं गाणं तेच होतं, तरी हॅरी स्टाइल्सच्या ‘ॲज इट वॉज’च्या खाली दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. शेवटी चार्ट कंपनीनं त्याला खास सूट देऊन पूर्ण दर लावला आणि ते पहिलं आलं, प्रकाशनानंतर ३७ वर्षांनी. अशी सूट अपवाद म्हणून न ठेवता नियमातच बसवायला हवी.

अल्बम आला की सगळा चार्ट एकाच गायकाचा होतो. हे कोणी थांबवत नाही का? (वाचक, लेस्टर)

तुमच्या ब्रिटनमध्ये थांबवलंय. मार्च २०१७ मध्ये एड शीरनची १६ गाणी एकाच वेळी पहिल्या विसांत होती. त्याच उन्हाळ्यात ठरलं की मुख्य गायक म्हणून एकाची तीनच गाणी चार्टवर येतील. अमेरिकेत अशी मर्यादा नाही, म्हणून २०२२ मध्ये टेलर स्विफ्टनं पहिल्या दहाच्या दहा जागा घेतल्या आणि २०२४ मध्ये पहिल्या चौदा. अल्बमच्या आठवड्यातला हॉट १०० म्हणजे एका अल्बमची अनुक्रमणिका होते. त्या आठवड्यात कोणतं नवं गाणं उचललं जातंय हे पाहायचं असेल तर ब्रिटनचीच यादी पाहा.

येणाऱ्या गाण्यांपैकी कोणतं टिकेल हे आधी ओळखता येतं? प्री-सेव्ह लाखांत असलं की गाणं चालणारच ना? (वाचक, कोल्हापूर)

प्री-सेव्हला, म्हणजे गाणं येण्याआधीच ते नोंदवून ठेवण्याला, चार्टमध्ये शून्य किंमत आहे. गाणं आल्यावर ते आपोआप तुमच्या संग्रहात येतं, इतकंच. तुम्ही वाजवलं तरच मोजणी.

आधी प्रकाशनाचा वार पाहा. जुलै २०१५ पासून बहुतेक देशांत नवी गाणी शुक्रवारी येतात आणि चार्टचा आठवडाही शुक्रवार ते गुरुवार असतो. कोणी बुधवारी गाणं आणलं, तर पहिल्या यादीत त्याचे दोनच दिवस मोजले जातात. तिथला खालचा क्रमांक पाहून निराश होऊ नका, खरा आकडा पुढच्या आठवड्यात दिसतो. डिसेंबरात आलेलं गाणंही लगेच मोडीत काढू नका. तेव्हा ख्रिसमसची जुनी गाणी वरच्या जागा अडवतात. १९८४ चं ‘लास्ट ख्रिसमस’ २०२३ आणि २०२४ असं दोन्ही वर्षी ब्रिटनमध्ये ख्रिसमसला पहिलं होतं. जानेवारीत ही गाणी एकदम जातात आणि अडकलेली नवी गाणी वर येतात.

आणि पहिल्या आठवड्यावर मत बनवू नका. तो चाहत्यांचा असतो: सह्या केलेल्या सीडी, एकाच गाण्याची चार-चार रूपं, सगळं तेव्हाच विकलं जातं. चौथ्या आठवड्यात गाणं कुठे आहे ते पाहा. ग्लास ॲनिमल्सचं ‘हीट वेव्ह्ज’ हॉट १०० वर ५९ व्या आठवड्यात पहिलं आलं. द किलर्सचं ‘मिस्टर ब्राइटसाइड’ ब्रिटनमध्ये कधीच दहाव्याच्या वर गेलं नाही, पण पहिल्या शंभरांत त्याचे ४०० हून जास्त आठवडे झालेत. एखादं गाणं एका आठवड्यासाठी पहिलं येऊन गेलं, त्यापेक्षा मला हे कितीतरी मोठं यश वाटतं.

ब्रिटनचा नवा चार्ट आपल्याकडे किती वाजता कळतो? (वाचक, मडगाव)

शुक्रवारी तिथल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास. म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेदहा आणि ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळं मागे गेली की साडेअकरा. अमेरिकेचा हॉट १०० पुढच्या आठवड्यात येतो, साधारण मंगळवारी, आणि त्यावर तारीख मात्र येणाऱ्या शनिवारची असते. दोन्ही याद्या शेजारी ठेवताना आठवडा तोच आहे ना, हे आधी तपासा.