मुलीचं प्राणिशास्त्र आणि घराचं तारण

साताऱ्याजवळच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा: वय ५१, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, नोकरी २००६ पासून, हातात येणारा पगार ८२ हजार. मुलगी बीएस्सी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, मुलगा नववीत. बँकेत १२ लाखांची एकच मुदत ठेव, गावच्या पतसंस्थेत ४ लाख, घर स्वतःचं. मुलीला वन्यजीव संशोधनात जायचं आहे. एका एजंटाने इंग्लंडमधल्या एक वर्षाच्या एमएस्सीचा ३४ लाखांचा आराखडा दिला आहे: १२ लाख ठेव मोडून आणि २२ लाख घर तारण ठेवून १०.५ टक्के दराचं कर्ज. हे करावं का?

नाही. मुलीने निवडलेली वाट चुकीची आहे म्हणून नव्हे. या वाटेवर पैसा उशिरा येतो आणि कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर येतो, म्हणून.

आधी हप्ता पाहू. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष बँक हप्ता मागत नाही, पण व्याज चढत राहतं. २२ लाखांवर दोन वर्षांचं सरळ व्याज ४ लाख ६२ हजार. म्हणजे परतफेड सुरू होईल ती २६ लाख ६२ हजारांवर, आणि दहा वर्षांच्या मुदतीला हप्ता बसेल साधारण ३५,९०० रुपये. आता दुसरा आकडा घ्या. भारतात प्राणिशास्त्रात संशोधन करणाऱ्याला मिळणारी चांगल्यातली चांगली सुरुवात म्हणजे सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप. ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, वर घरभाडे भत्ता. दोन वर्षांनी ती ४२,००० होते. म्हणजे मुलगी देशातल्या कठीण परीक्षेत वरच्या यादीत आली, तरी तिच्या हाती हप्ता भरून अकराशे रुपये आणि भाडं उरेल. संस्थांच्या प्रकल्पांवरच्या कंत्राटी नोकऱ्या बहुधा याहून कमी पगाराच्या असतात.

मग हप्ता कोण भरणार? तुम्ही. आज ५१, परतफेड ५३ व्या वर्षी सुरू, संपेल ६३ व्या वर्षी. निवृत्ती ५८ व्या. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतर रुजू झालेले आहात, त्यामुळे जुन्या पेन्शनच्या भरवशावर हे गणित मांडू नका. ती १२ लाखांची ठेव नावाने शिक्षणाची असेल, पण कामाने ती तुमच्या म्हातारपणाची आहे. शिवाय मुलगा बारावीला पोहोचेल तेव्हा घर आधीच तारणात असेल.

एजंट म्हणेल, तिकडेच नोकरी लागेल. शिक्षणानंतर काम शोधायला मिळणारा दोन वर्षांचा व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी दीड वर्षाचा होतो आहे. पुढे राहायचं तर नोकरीचा व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान पगाराची अट वर्षाला ४१,७०० पौंड आहे, नवख्यांना सवलत धरूनही ३३,४०० पौंड. तिकडच्या पर्यावरण सर्वेक्षण कंपन्या नव्या पदवीधराला सहसा याच्या बऱ्याच खालून सुरुवात देतात. मुलीच्या दर्जाचा इथे संबंध नाही, अट पगाराची आहे. आणि प्रवेश झाला की अशा एजंटांना बहुतेक वेळा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, हेही त्याच्या आराखड्यासोबत वाचावं.

परदेश कायमचा बंद करा असं मी म्हणत नाही. प्राणिशास्त्रात परदेशी जायचं ते पीएचडीला, आणि पैसे देऊन नव्हे, घेऊन. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत पीएचडीच्या विद्यार्थ्याला फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचं विद्यावेतन मिळतं. मास्टर्सच करायचं असेल तर युरोपातली इरास्मुस मुंडुस शिष्यवृत्ती आहे, त्यात फी भरली जाते आणि महिना १,४०० युरो मिळतात. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर जरूर पाठवा. ‘फीमध्ये २० टक्के सूट’ ही शिष्यवृत्ती नसते, ती विक्रीची सवलत असते.

आता इथला रस्ता. राज्यातल्या विद्यापीठात किंवा चांगल्या अनुदानित महाविद्यालयात दोन वर्षांची एमएस्सी धरू. पुण्यासारख्या शहरात खोली, मेस, प्रवास मिळून महिना १३ हजार, म्हणजे २४ महिन्यांचे ३ लाख १२ हजार. फी, प्रबंध, अभ्याससहली १ लाख २० हजार. नेटची शिकवणी लावलीच तर ४० हजार. दुर्बीण (८ बाय ४२ ची घ्यावी, लहान भिंगाची पहाटेच्या अंधुक उजेडात कामाची नाही), बूट, हेडटॉर्च असं साहित्य २५ हजार. एकूण पाच लाखांच्या आत.

यातले महिन्याचे १३ हजार पगारातून जाऊ द्या. ८२ हजारांतून ते निघतात, थोडी ओढाताण होईल. उरतात १ लाख ८५ हजार. ते पतसंस्थेतल्या ४ लाखांतून काढा, आणि ती ठेव आधी मोडा. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो अजिबात नाही. पतसंस्थेच्या व्याजातला जास्तीचा एक टक्का याच जोखमीचा असतो. राहिलेले २ लाख १५ हजार राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्या नावाने ठेवा आणि त्यांना हात लावू नका. त्यांचं काम पुढे येतं.

नेट वर्षातून दोनदा होते आणि एमएस्सी करतानाच देता येते. पहिल्या प्रयत्नात निघाली नाही तर सहा महिने ते वर्षभर बिनपगारी जातं. ‘नेट झाली’ याचा अर्थ ‘जेआरएफ मिळाली’ असाही नव्हे. एकाच निकालात काही जण फेलोशिपशिवाय सहायक प्राध्यापकपदाला आणि पीएचडी प्रवेशाला पात्र ठरतात, काही फक्त पीएचडी प्रवेशाला. फेलोशिप वरच्या यादीलाच. ती लागली तरी पैसे चार-सहा महिने अडकणं नेहमीचं. जेआरएफ आणि तिचा पुढचा टप्पा एसआरएफ मिळून मुदत पाच वर्षांची, आणि क्षेत्रीय अभ्यासाची पीएचडी अनेकदा सहाव्या वर्षात जाते. हे तीन खड्डे भरायला ते २ लाख १५ हजार.

प्रवेशासाठी एकाच दारावर थांबू नका. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतला वन्यजीव जीवशास्त्राचा अभ्यासक्रम हे या क्षेत्रातले नावाजलेले मास्टर्स, पण जागा हातावर मोजण्याइतक्या, आणि एनसीबीएसची तुकडी एक वर्षाआड निघते. यंदाची जाहिरात आहे की नाही ते आधी पाहा. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा आहे. पुढे पीएचडीसाठी ‘गेट’ या परीक्षेत परिसंस्था आणि उत्क्रांती हा स्वतंत्र पेपर आहे.

डेहराडून-बंगळुरूसारख्या ठिकाणी प्रवेश मिळून खर्च वाढला, तर शैक्षणिक कर्ज घ्या, पण ५ लाखांवर जाऊ नका. दोन वर्षं शिक्षण, एक वर्ष सवलत, त्यानंतर दहा वर्षांत हप्ता नऊ हजारांच्या आत बसतो. जेआरएफला तो पेलतो. इतक्या कर्जाला घर तारण ठेवायची वेळ येऊ नये. संस्था पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत असेल तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. व्याजावरची करवजावट मात्र जुन्या कररचनेतच मिळते.

फेलोशिप नाहीच मिळाली तर? मुलीशी हे आत्ताच बोला. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा ही प्राध्यापकीची वाट आहे, पण कायम पदं क्वचित भरतात आणि तासिका तत्त्वावर घर चालत नाही. पर्यावरण परिणाम अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्यांना परिसंस्था आणि जैवविविधतेचा मान्यताप्राप्त तज्ज्ञ ठेवावाच लागतो. त्याच्या हाताखाली सर्वेक्षणाला नवी मुलं घेतात. तिथे क्यूजीआयएसवर नकाशे आणि ‘आर’मध्ये सांख्यिकी येणाऱ्याला लवकर काम मिळतं, आणि दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. भारतीय वनसेवेला प्राणिशास्त्राची पदवी चालते, मात्र ती तयारी वेगळी आणि लांबची. एमएस्सीसोबत जोडधंदा म्हणून होत नाही. एक गैरसमजही काढून टाका: जखमी बिबट्यावर उपचार करणारा पशुवैद्य असतो, त्याची वाट बारावीनंतर नीटमधून जाते. मुलीच्या मनात तेच काम असेल, तर एमएस्सीवर एक रुपयाही घालण्याआधी कळायला हवं.

बारा लाखांची ठेव मुदत संपेपर्यंत तशीच राहू द्या. नूतनीकरणाच्या वेळी तिच्या तीन-तीन लाखांच्या चार पावत्या करा, म्हणजे अडचणीला एक मोडली तर दंड तेवढ्यावरच बसेल. बँक सहकारी असेल तर पावत्या दोन-तीन बँकांत विभागा. आणि मुलीच्या नावाने अपघात विमा घ्या, रानात काम सुरू होण्याआधी. प्रकल्पावरच्या कंत्राटी माणसाचा विमा संस्थेने काढलेला असेलच असं नाही.