भावावर गुन्हा दाखल झालाय, वकील तीन लाख एकदम मागतात : एफडी मोडायची का?

सोलापूरहून एका माध्यमिक शिक्षकांनी विचारलं आहे. धाकट्या भावाचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे. सुताच्या व्यापाऱ्याने ६ लाख ४० हजारांच्या थकबाकीवरून फसवणूक आणि विश्वासघाताची फिर्याद दिली असून भारतीय न्याय संहितेची ३१८(४) आणि ३१६(२) ही कलमं लागली आहेत. भावाला ४ लाख १० हजार मान्य आहेत, उरलेल्या रकमेवर मालाच्या प्रतीचा वाद आहे. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअॅपवर आली. एक वकील शेवटपर्यंतचे तीन लाख आधीच आणि रोख मागतात. दुसरे सल्ला व नोटिशीच्या उत्तराचे १० हजार, सत्र न्यायालयातल्या अटकपूर्व जामिनाचे ४० हजार आणि पुढचं टप्प्याटप्प्याने म्हणतात. घरात ५ लाखांची एफडी, पीपीएफमध्ये ९ लाख, पत्नीचं १२ तोळे सोनं आणि जुळे सोलापुरात प्लॉट आहे. नातेवाईक म्हणतात, प्लॉट विका. एक ओळखीचा ५० हजारांत ‘आतून मिटवतो’ म्हणतो.

सर, तीन लाख एकदम देऊ नका. प्लॉटही विकू नका. दहा हजार मात्र आजच खर्च करा, म्हणजे भाऊ ठाण्यात जाण्याआधी वकिलांसमोर तासभर बसेल.

३१८(४) मध्ये शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि ३१६(२) मध्ये पाच वर्षांपर्यंतच आहे. अशा गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्णेश कुमार निकालात सांगितलं. आता ती नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३५(३) खाली निघते. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. गैरहजर राहिलं तर तेच अटकेचं कारण होतं. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करा असं मात्र नाही. वकिलांमार्फत लेखी कळवा की हजर राहतो, रीतसर प्रत द्या, आणि पोचेचा शिक्का घ्या. एफआयआरची प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून काढता येते. ती वाचल्याशिवाय कुठल्याही वकिलाने सांगितलेल्या फीला अर्थ नाही.

ही केस किती अवघड आहे यावर तुमचा खर्च ठरणार आहे. माल विकत घेतला आणि पैसे थकले, एवढ्याने फसवणूक होत नाही. पैसे बुडवायचा हेतू सौदा करतानाच होता, हे दाखवावं लागतं. विकलेला माल हा सोपवलेला माल नसतो, म्हणून विश्वासघाताचं कलमही डळमळीत होतं. एकाच घटनेवर ही दोन्ही कलमं एकत्र उभी राहू शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या दिल्ली रेस क्लब निकालात आहे. दोन्ही वकिलांना या निकालाबद्दल विचारा. जो या मुद्द्यावर बोलेल आणि खातेउतारा मागेल, तो कामाचा. ‘जामीन करूनच देतो’ म्हणणारा नको. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे.

भावाने आजपासून कागद जमवावेत : जीएसटी बिलं, ई-वे बिलं, परत पाठवलेल्या मालाच्या पावत्या, प्रतीबद्दलची तक्रार जिथे केली ते मेसेज, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी बँकेतून दिलेल्या रकमा. अधूनमधून पैसे देत राहिलेला माणूस मुळातच फसवायला निघाला होता, हे म्हणणं टिकायला जड जातं. पोलिसांना झेरॉक्स द्या, यादीवर सही घ्या. मूळ कागद मागितले तर वकिलांना विचारून, पावती घेऊनच.

जबाबावर सही करायची नसते. पोलिसांपुढच्या जबाबावर सही घेऊ नये असं कायदाच सांगतो. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. स्वतःला गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नाला उत्तर न देण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २०(३) ने दिला आहे. अटक झालीच तर चौकशीत वकिलांना भेटता येतं, मात्र ते पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाहीत. अटकेची कारणं लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या सोलापूरकरांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. अटक पंचनाम्यावर वेळ बघा. नातेवाइकाला कळवणं आणि वैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे, तसंच प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणंही. आरोपी कोठडीत असेल तर मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. रिमांडच्या, म्हणजे कोठडी ठरवायला न्यायालयात नेण्याच्या, सकाळी घाबरून कुणालाही पन्नास हजार देण्याची गरज नसते.

आता पैशाचं. तीन लाखांच्या ठोक फीत धोका असा की जामीन झाल्यावर केस वर्षानुवर्षं तारखांवर चालते आणि पैसे आधीच गेलेले असतात. वकील बदलायचे झाले तर उरलेलं परत मागणं कठीण. फीसाठी वकिलांना फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलं आहे, पण पैशाला तो आधार नाही. शिवाय एकाच कामापोटी एकाच व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, दंड घेणाऱ्याला होतो. मागणीच तशी असेल तर पुढचा व्यवहार कसा असेल, याचा अंदाज येतो.

दुसऱ्या वकिलांकडून कागदावर घ्या : नोटीस, अटकपूर्व जामीन, दोषारोपपत्र आल्यावर दोषमुक्तीचा (खटला चालण्याआधीच आरोपातून सुटण्याचा) अर्ज, साक्षीपुरावा, युक्तिवाद, प्रत्येकाची वेगळी रक्कम. तारखेला ते स्वतः येणार की ज्युनियर, हेही. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर त्या वकिलांची फी वेगळी असेल. सोलापूरकरांना त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. जाण्यायेण्याचा खर्च तेवढा कमी झाला.

एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. बहुतेक बँका ९० टक्क्यांपर्यंत देतात, म्हणजे साडेचार लाखांची मर्यादा मिळेल. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतं आणि फक्त उचललेल्या रकमेवर लागतं. ५० हजार उचलले आणि दर ९ टक्के धरला तर महिन्याला ३७५ रुपये. टप्प्याटप्प्याने फी देणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. पीपीएफला हात लावू नका. काढलेली रक्कम वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेतच परत भरता येते, आणि कोर्टाच्या हुकूमनाम्याखाली हे खातं जप्त होत नाही. सोनं राखीव ठेवा. मोठी रक्कम एकदम लागली तर बँकेत तारण ठेवा, सावकाराकडे नाही.

प्लॉट न विकण्याचं कारण फक्त भाव नाही. जामिनाच्या आदेशात जामीनदार मागितला तर हाच प्लॉट ऐपत दाखवायला उपयोगी पडेल. प्रॉपर्टी कार्ड किंवा उतारा, कर पावती आणि लागलं तर तहसीलचा ऐपत दाखला तयार ठेवा. भाऊ तारखांना गैरहजर राहिला तर बंधपत्राची रक्कम तुमच्यावर येते, हे जाणून सही करा. कोर्टाच्या आवारात भाड्याने मिळणारा जामीनदार अजिबात नको, खोट्या उताऱ्यावर नवा गुन्हा होतो. रोख जामीन भरला तर ती रक्कम अनामत असते, केस संपल्यावर परत मिळते. पावती तुमच्याकडेच ठेवा.

भावाच्या खात्यातून त्याच्या पत्नीच्या नावावर आत्ता पैसे वळवू नका. तपासात पोलीस खातं गोठवू शकतात, हे खरं. पण फिर्यादीनंतरची अशी उलाढाल हेतूचा पुरावा म्हणून समोर ठेवली जाते. तुमची एफडी तुमच्याच नावावर आहे, तिथेच राहू द्या. युनिटच्या पगाराचं आणि वीजबिलाचं मात्र दोन महिन्यांचं नियोजन करा.

५० हजारवाल्याला नकार द्या. लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवावं लागतं. मागणी झाली की १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला सांगा.

माझ्या मते खरा पैसा तडजोडीसाठी राखून ठेवायला हवा. ही दोन्ही कलमं न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतात. मान्य असलेले ४ लाख १० हजार आधी युनिटच्या येणे रकमेतून उभे करा, कमी पडलं तरच तुमचा ओव्हरड्राफ्ट. व्यापाऱ्याच्या हातात रोख ठेवून ‘केस मागे घेतो’ या शब्दावर थांबू नका, कारण एफआयआर फिर्यादीला एकट्याने मागे घेता येत नाही. करारनामा दोन्ही वकिलांनी लिहावा, हप्ते बँकेतून जावेत आणि शेवटचा मोठा हप्ता त्याने न्यायालयात संमतीचं प्रतिज्ञापत्र दिल्यावर. दिलेली रक्कम गुन्ह्याची कबुली नाही, हे वाक्य करारात असू द्या.

भावाने व्यापाऱ्याकडे सही केलेले कोरे चेक ठेवले आहेत का, ते आजच विचारा. ते वटवायला टाकले, वटले नाहीत आणि नोटीस आली तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे न दिल्यास चेकची दुसरी केस उभी राहते, आणि तिची फी वेगळी लागते.