काठी टेकत आलेली आजी म्हणते, ‘बरं आहे’

प्रश्न : मी टी.वाय. बीएस्सीला आहे, विषय संख्याशास्त्र. सुट्टीत एका आरोग्य पाहणीत ‘ईक्यू-५डी’ हा पाच प्रश्नांचा फॉर्म ६० ज्येष्ठांकडून भरून घेतला. ४१ जणांनी पाचही ठिकाणी ‘काही त्रास नाही’ सांगितलं. त्यातले काही काठी टेकत आले होते! फॉर्म माणसामाणसांत फरक करतो का, हे तपासण्यात करिअर होतं का? बाबा म्हणतात, सरळ आयटीत जा.

उत्तर : होतं. आणि तू ते काम न कळत सुरूही केलं आहेस.

तुझ्याच आकड्यांवर हिशेब करू. ६० जणांच्या जोड्या होतात १,७७०. त्या ४१ जणांच्या आपापसातल्या ८२०. म्हणजे जवळजवळ निम्म्या जोड्यांत हा फॉर्म दोघांना सारखंच ठरवतो. फॉर्म किती फरक करतो हे मोजणारा, मानसशास्त्रज्ञ फर्ग्युसनने १९४९ मध्ये मांडलेला ‘डेल्टा’ हा आकडा अशाच जोड्यांवर उभा आहे : सगळे एकाच गुणावर आले तर शून्य, गुण सगळीकडे सारखे पसरले तर एक. सगळे वरच्या टोकाला जाऊन अडकतात, त्याला सीलिंग इफेक्ट म्हणतात. तो कमी व्हावा म्हणून या फॉर्मच्या प्रत्येक प्रश्नाला तीन पर्यायांचे पाच केले गेले. उत्तरांतून बनणाऱ्या तब्येतीच्या २४३ स्थितींच्या ३,१२५ झाल्या. तुझा कुठला होता, ते तू लिहिलं नाहीस. पण खण वाढले म्हणून माणसं त्यांत विखुरतातच असं नाही. आजी ‘बरं आहे’ म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते. कदाचित शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या बाईकडे बघून बोलत असते.

आता उलट बाजू. गुण वेगळे आले म्हणजे माणसं वेगळी, असंही समजू नकोस. तब्येत तशीच असताना दोन आठवड्यांनी त्याच माणसाला पुन्हा विचार. गुण बदलले, तर तो फरक माणसाचा नाही, मोजण्यातला आहे. एकूण फरकातला खरोखर माणसामाणसांतला वाटा किती, हे सांगणारा आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन कोएफिशंट) आधी शिक. माझ्या मते या विषयाचा प्राण तिथे आहे.

पुढचं शिक्षण म्हणजे जैवसांख्यिकीत एमएस्सी. मुंबईत देवनारची लोकसंख्या-अभ्यासाची संस्था आयआयपीएस, बंगळूरचं मनोआरोग्याचं निम्हान्स, वेल्लोरचं वैद्यकीय महाविद्यालय सीएमसी, या तिन्हींची प्रवेशपत्रकं बघ. चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या पुढाकाराने ईक्यू-५डीचं भारतीय मूल्यांकन, म्हणजे तब्येतीच्या कुठल्या स्थितीला इथले लोक किती मोल देतात याचे आकडे, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं, तेही वाच. तुझ्या फॉर्मचंच पुढचं पाऊल आहे ते. कामं संशोधन संस्थांत मिळतात, औषधचाचण्या करणाऱ्या कंपन्यांतही. संशोधन प्रकल्पातली पहिली नोकरी बहुधा मुदतीची असते, हे घरी आधीच सांगून ठेव. बाबांची काळजी रास्त आहे. त्यांना हेही सांग की यासाठी लागणारं आर आणि पायथनमधलं प्रोग्रॅमिंग आयटीतही चालतं, दार बंद होत नाही.

अर्ज भरण्याआधी एक कर. पाहणीच्या प्रमुखांची परवानगी घेऊन त्या ४१ पैकी दहा जणांकडे पुन्हा जा. फॉर्म नेऊ नकोस. ‘सकाळपासून काय काय केलंत?’ एवढंच विचार आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घे. ती वही मला दाखव, प्रकल्पाचा विषय आपण त्यातूनच काढू.