बाईपण साडीत नसतं, मग हिला साडीच का हवी?

स्त्रियांच्या चळवळीत आयुष्य घालवलेल्या कार्यकर्त्या समुपदेशनाला येतात, तेव्हा एक प्रश्न काहीशा संकोचाने विचारतात: ट्रान्स स्त्रियांना (जन्मावेळी मुलगा ठरवल्या गेलेल्या, पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या व्यक्तींना) स्त्री मानले, तर बायकांनी झगडून मिळवलेले त्यांच्या हातून जाईल का? अंबाजोगाई परिसरात कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी हाताळणाऱ्या विमलताईंना (नाव आणि तपशील बदलले आहेत) हा प्रश्न स्वतःच्या घरातच भेटला. मुलगा म्हणून वाढवलेल्या त्यांच्या २२ वर्षांच्या लेकराने आपण मुलगी असल्याचे सांगितले आणि कावेरी हे नाव घेतले.

वडिलांना तिला डॉक्टरकडे नेऊन ‘सरळ’ करून आणायचे होते. असे उपचार करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच कळवले असल्याचे सांगितल्यावर तो विषय मिटला. विमलताईंची अडचण मात्र वेगळी होती. “मॅडम, बाईपण साडी-बांगडीत नसतं, हे मी गावोगाव सांगत आले. आता माझंच लेकरू म्हणतं, मला साडी नेसायचीय. मग इतकी वर्षं मी काय सांगितलं?”

या प्रश्नात द्वेष नव्हता, म्हणून त्याला गप्प बसवणे मला अन्यायाचे वाटले. मी एवढेच विचारले, की मार खाऊन तुमच्याकडे आलेल्या बाईला तुम्ही आधी मंगळसूत्र काढायला लावता का? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पुढच्या भेटीत कावेरी सोबत आली आणि खरे उत्तर तिनेच दिले. “आई, पँट-शर्टात मी कितीही सांगितलं तरी लोक दादाच म्हणतात. साडी नेसली, की एसटीतला कंडक्टर निदान ताई म्हणतो. जीन्समध्येही मला बाई म्हणणारे लोक असते, तर मी जीन्सच घातली असती.” बाईने बाईसारखेच दिसले पाहिजे हा हट्ट विमलताई ज्या समाजाशी भांडून मोडू पाहत होत्या, तोच समाज त्यांच्या लेकीकडून हा हट्ट अधिक कठोरपणे पुरा करून घेत होता.

त्यानंतर बोलणे शरीराकडे वळले. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातील बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जात असल्याचा प्रश्न गाजला आणि २०१९ मध्ये राज्य शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली, तो काळ विमलताईंनी जवळून पाहिला होता. असा अन्याय बायकांच्या नावानेच मोजला गेला पाहिजे, तो कुठल्याही व्यापक शब्दात विरून जाता कामा नये, हे त्यांनी ठामपणे सांगितले, आणि ते मला पटते. कावेरीलाही ते मान्य होते. तिचे म्हणणे इतकेच होते, की मुकादम, डॉक्टर किंवा नवरा यांनी बाईच्या शरीराचा निर्णय घेऊ नये असे आपण म्हणतो, तर माझ्याही शरीराचा निर्णय माझ्याकडेच असावा.

विमलताईंचा खरा संताप उफाळला तो कायदा वाचताना. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. तरीही २०१९ च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्यात तृतीयपंथी व्यक्तीवरील लैंगिक अत्याचारासाठी सहा महिने ते दोन वर्षे इतकीच शिक्षा ठेवण्यात आली. स्त्रीवरील बलात्काराला किमान १० वर्षांची शिक्षा आहे, हे पीडितांसोबत कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या या बाईला तोंडपाठ होते. “म्हणजे माझ्या लेकीची अब्रू स्वस्त?” त्यांनी विचारले. ‘माझी लेक’ हे शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

सगळे प्रश्न सुटलेले नाहीत. पुरुषांच्या मारामुळे घर सोडलेल्या बायकांना रात्रीच्या निवाऱ्यात कोणासोबत सुरक्षित वाटते, ही भीती खरी आहे आणि तिला मागासलेपण म्हणणे मला मान्य नाही. मात्र घरातून हाकललेल्या कावेरीसारख्या मुलीने ती रात्र कुठे काढायची, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. स्वतंत्र खोलीची सोय करता येईल का, यावर विमलताईंनी आपल्या सहकारी बायकांची बैठक बोलावली असून, कावेरीलाही बोलावणे धाडले आहे.