रविवारचा डोस झालाय, मग कार्ड कशाला?

(वाचकांचे प्रश्न, निवृत्त आरोग्य सहायिकेची उत्तरं)

प्रश्न : सिस्टर, माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. बाळंतपणाला माहेरी होते, नंतर माझंच दुखणं निघालं, त्यामुळे जन्मानंतरच्या लसी सोडल्या तर एकही झालेली नाही. मध्ये एका रविवारी बूथवर पोलिओ तेवढा पाजून आणला. परवा आशाताईंनी कार्ड बघितलं आणि म्हणाल्या, ‘पोलिओचं इंजेक्शन राहिलंय.’ सासूबाई म्हणतात, पाजलाय ना, मग तेच परत टोचून कशाला घ्यायचं? त्यात एका दिवशी तीन सुया! आणि पोलिओ तर आता देशात राहिलाच नाही ना? – एक आई, इंदापूर

उत्तर : अगं, सासूबाईंवर रागावू नकोस. १९९५ पासूनचे पल्स पोलिओचे रविवार त्यांनी पाहिलेत. भोंगा लावलेली रिक्षा, शाळेच्या व्हरांड्यातलं टेबल, डाव्या करंगळीच्या नखावर मार्करची खूण, टीव्हीवर दटावणारे अमिताभ बच्चन. एवढा गाजावाजा झाला की पोलिओ म्हणजे रविवार हे लोकांच्या डोक्यात घट्ट बसलं. मी घरोघरी जाऊन ‘पोलिओ झाला का?’ विचारलं की पोराची करंगळी लगेच पुढे यायची. ‘कार्ड दाखवा’ म्हटलं की ट्रंक, फडताळ, पत्र्याचा डबा अशी शोधाशोध सुरू, आणि सापडलेल्या कार्डावर निम्मे रकाने कोरे. लोक अडाणी नव्हते गं. अर्धीच माहिती होती, पण ती फार पक्की होती.

रविवारचा डोस हा जादाचा डोस. तो कार्डावरच्या एकाही डोसाची जागा घेत नाही. तोंडावाटेचा पोलिओ जन्मल्यावर, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना, आणि बूस्टर १६ ते २४ महिन्यांत. इंजेक्शन ६ आणि १४ आठवड्यांना उजव्या दंडात, आणि २०२३ पासून तिसरं नवव्या महिन्यानंतर डाव्या दंडात.

आता ‘तेच परत’ याबद्दल. ते तेच नाही, इथेच सगळे फसतात. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार. पूर्वी थेंबांत तिन्हींची लस असायची. दुसऱ्या प्रकारचा मूळ विषाणू १९९९ मध्ये अलीगढला शेवटचा सापडला, त्यानंतर जगात कुठेच नाही. उलट थेंबांतलाच दुसऱ्या प्रकारचा दुबळा केलेला विषाणू, जिथे लसीकरण कमी तिथे पोरापोरांतून फिरत पुन्हा जोर धरायला लागला. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये तो थेंबांतून काढला. आज बूथवर मिळतात ते थेंब पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारावरचे. दुसऱ्या प्रकारापासून आपल्या सरकारी लसीकरणात बाळाला वाचवतं ते फक्त ते दंडातलं इंजेक्शन. २०२४ मध्ये गाझामध्ये दहा महिन्यांच्या बाळाचा पाय गेला, तो याच दुसऱ्या प्रकारानं. रविवार एकही न चुकवलेलं पण कार्ड कोरं असलेलं बाळ या बाबतीत उघडंच राहतं. सासूबाईंना हे एवढंच सांग, त्यांना पटेल.

तीन सुयांचं म्हणशील तर पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) डाव्या मांडीत, न्यूमोनियाची उजव्या मांडीत आणि पोलिओची दंडात. पोलिओची सगळ्यात हलकी: ०.१ मिली, ती स्नायूत जात नाही, कातडीतच राहते. टोचल्यावर मसुराच्या डाळीएवढा फुगवटा येतो आणि थोड्या वेळात बसतो. तिथं चोळायचं नाही, हळद लावायची नाही. बाळ रडेल, पदराखाली घे. एकेक सुई वेगळ्या दिवशी घेऊ म्हणणाऱ्या आयांची दुसरी खेप बहुधा होतच नाही, हे मी पुष्कळ पाहिलंय.

उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. हे इंजेक्शन वर्षाच्या आत देता येतं. पहिल्या दोन डोसांत निदान आठ आठवडे हवेत. येत्या लसीकरणाच्या सत्राला कार्ड घेऊन जा, पुढच्या तारखा सिस्टर पेन्सिलीनं लिहून देतील.

देशात पोलिओ नाही, हे खरं. २००९ मध्ये आपल्याकडे ७४१ रुग्ण होते, जगातले जवळजवळ निम्मे. पोलिओ झालेली शेवटची मुलगी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातली, १३ जानेवारी २०११. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो आहेच. आणि साधारण दोनशे पोरांना लागण होते तेव्हा एकाचा हात-पाय लुळा पडतो, बाकीची हसत-खेळत असतात. पहिलं पोर लंगडेपर्यंत तो गावभर झालेला असतो. तुमच्या तालुक्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बाया दिवसा फडात, म्हणून आम्ही संध्याकाळी कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, जायचो. तिथं कुणी कधी नाही म्हणालं नाही. कार्ड तेवढं गावाकडे राहिलेलं असायचं.

प्रश्न : आमच्या मुलाला खासगी बालरोगतज्ज्ञांकडे सहा आजारांची एकत्रित लस दिली आहे, त्यात पोलिओचं पूर्ण इंजेक्शन आहे. तरी पल्स पोलिओची टीम दारात येते. जास्तीचे डोस देणं धोक्याचं नाही का? – एक वडील, बाणेर, पुणे

उत्तर : टीम दारात येते म्हणजे गेटवर सुटली, हेच नवल. बहुतेक सोसायट्यांत वॉचमन रजिस्टर पुढे करून गाडीचा नंबर विचारतो, आणि ताई आलेली असते पायी, खांद्यावर लसीची पेटी अडकवून. मला नकार फडात मिळाला नाही, तो मिळाला गेटवर.

तुमचा मुलगा लुळा पडणार नाही, याची काळजी इंजेक्शननं घेतली. पण इंजेक्शनची ताकद रक्तात, आतड्यात ती फार कमी. विषाणू पोटात शिरला तर मुलगा ठणठणीत राहील आणि शौचावाटे विषाणू पसरवत राहील. इस्रायलनं २००५ पासून फक्त इंजेक्शन ठेवलं होतं. २०१३ मध्ये तिथल्या सांडपाण्यात पोलिओ सापडला, एकही मूल आजारी नसताना. मग त्यांनी दहा वर्षांखालच्या मुलांना पुन्हा थेंब पाजले. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचं धाकटं पोर आणि तुमचा मुलगा एकाच शहराच्या गटारावर राहतात, एवढं लक्षात घ्या.

जास्तीच्या डोसांनी अपाय होत नाही. लसीमुळेच लुळेपणा येणं, हे लाखो डोसांत एखाद्याच्या बाबतीत घडतं. घरात कुणाला रोगप्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार किंवा कॅन्सरचे उपचार चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आमच्याच जिल्ह्यात पोरांना पोलिओऐवजी सॅनिटायझर पाजलं होतं. तेव्हापासून सून बूथवर न्यायला घाबरते. बघून ओळखायचं कसं? – एक आजी, यवतमाळ

उत्तर : आजी, ते खरंच घडलं. ३१ जानेवारी २०२१, घाटंजी तालुका, बारा मुलं. दवाखान्यात ठेवली, सुखरूप घरी गेली. सूनबाईंची भीती खोटी नाही, त्यांना गप्प करू नका, बघायला शिकवा.

लसीची बाटली अंगठ्याएवढी असते, तिला ड्रॉपर लावलेला असतो. द्यायचे दोनच थेंब. चमचा किंवा टोपण दिसलं तर पोराला मागे घ्या. बाटलीच्या लेबलवर एक गोल असतो, त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली. उष्णता लागली की तो काळवंडत जातो. गोलाएवढा किंवा त्याहून गडद झाला की ती बाटली बाद. हे न वाचता येणाऱ्या माणसालाही कळतं. ‘बाटली दाखवा’ म्हणायला लाजायचं नाही. बूथवरची ताई वैतागली तर वैतागू दे. नाहीच दाखवली तर पर्यवेक्षकाला बोलवा, काही बूथांमागे एक फिरत असतोच.