रिचर्ड एलमनसारखं साहित्यिकांची चरित्रं लिहिण्यात करिअर करता येईल का?

तुम्ही एम.ए. इंग्रजी करताय, एलमनचं आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसचं चरित्र वाचून झपाटलात आणि यावर पोट भरेल का, असं विचारताय. नाही भरणार. एलमनचंही भरलं नाही. तो हाडाचा प्राध्यापक; नॉर्थवेस्टर्न, येल, १९७० पासून ऑक्सफर्ड. पगार चालू होता म्हणून एकेका पुस्तकाला वर्षानुवर्षं देता आली.

पण खरी गोष्ट पगाराची नाही, सुटकेसची आहे. महायुद्धात लंडनला असताना १९४५ साली रजा काढून हा सत्तावीस वर्षांचा पोरगा डब्लिनला कवी येट्सच्या पत्नीला भेटला. येट्स जाऊन सहा वर्षं झालेली. पुढे तो डब्लिनला राहायलाच गेला, तेव्हा बाईंनी जुनी सुटकेस काढली आणि हवी ती हस्तलिखितं भरून न्यायला दिली! १९४८ला त्याचं पहिलं पुस्तक आलं ते त्यातूनच. मी एकदा आमच्याकडच्या एका कवीवर लिहायला निघालो होतो. त्यांच्या घरी पोचलो, तर कागदांची ट्रंक आदल्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेलेली. माझं चरित्रलेखन तिथंच संपलं.

जॉइसचंही तेच. तो १९४१ला वारला, एलमनची त्याच्याशी भेट कधी झालीच नाही. पण त्रिएस्त शहरात जॉइसचा भाऊ स्टॅनिस्लॉस होता, त्याला गाठलं. तोही १९५५च्या १६ जूनला गेला. (जॉइसची कादंबरी ‘युलिसिस’ ज्या तारखेला घडते, नेमकी तीच!) चरित्र आलं १९५९ला. एलमन समीक्षकही होता, त्यामुळे आयुष्यातून पुस्तक उलगडतो. पण कधीकधी कादंबरीतला प्रसंगच पुरावा म्हणून वापरतो, असा आक्षेप आहे. मला तो पटतो.

नाटककार ऑस्कर वाइल्डच्या चरित्रावर तो वीसेक वर्षं होता. शेवटी मोटर न्यूरॉनच्या (स्नायू निकामी करत नेणाऱ्या) आजारानं गाठलं. मे १९८७मध्ये तो गेला, पुस्तक त्यानंतर काही महिन्यांनी निघालं आणि १९८९ला पुलित्झर मिळालं. त्यात ‘सलोमीच्या (वाइल्डच्याच नाटकातल्या नायिकेच्या) वेषातला वाइल्ड’ म्हणून एक फोटो आहे. तो वाइल्डचा नाहीच, एका ऑपेरा गायिकेचा आहे, हे नंतर उघड झालं. वीस वर्षं खपूनही!

तेव्हा आधी प्राध्यापकीसाठी नेट-सेट परीक्षा काढा. आणि तुमच्या मनात जो लेखक असेल, त्याच्या घरचं कुणी हयात असेल तर या दिवाळीच्या आत जाऊन या.