जीनोम वाचायचाय ना? आधी तुडतुडे पाळायला शिका

ऐरोलीला राहून बायोटेकचं एमएस्सी करताय, गाव मुरबाडकडे, घरच्या भातावर तुडतुडे येतात. आणि विचारताय की पिकांच्या जीनोमवर (म्हणजे सगळ्या जनुकीय माहितीवर) काम करायला नुसतं कोडिंग पुरेल का. नाही पुरणार. कोडिंग शिकाच, पण या कामाचं खरं मूळ किड्यांच्या पिंजऱ्यात आहे.

भाताचा जीनोम २००५ मध्ये प्रसिद्ध झाला, तपकिरी तुडतुड्याचा २०१४ मध्ये. किडीचा जीनोम भाताच्या जवळपास तिप्पट. दोन्ही आज कुणालाही फुकट डाउनलोड करता येतात. पण कुठलं रोप तगलं नि कुठलं करपलं, हे त्या फाइलमध्ये नसतं. त्यासाठी ट्रेमध्ये वेगवेगळ्या वाणांची रोपं ओळीने वाढवायची. एक ओळ पीटीबी ३३ या चिवट वाणाची, एक टीएन १ ची, जो लगेच बळी पडतो. वर तुडतुड्यांची पिल्लं सोडायची. टीएन १ जवळजवळ पूर्ण करपला, की प्रत्येक ओळीला नुकसानीचे ० ते ९ गुण द्यायचे आणि ते रोपांच्या जीनोमशी ताडून प्रतिकाराचं जनुक शोधायचं. पिल्लं एका वयाची नसली की गुण चुकतात. मग सॉफ्टवेअर कितीही भारी असो, ते जनुक भलत्याच गुणसूत्रावर दिसतं.

म्हणून किडे सांभाळणारा माणूस मला प्रयोगशाळेत सर्वांत मोलाचा वाटतो. किड्यांना ताजी रोपं दिवाळीच्या सुट्टीतही लागतात. पिंजऱ्यात मिरिड ढेकूण शिरला तर अंडी फस्त करतो. (शेतात मात्र तोच आपला मित्र. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक फवारलं की असे मित्र मरतात नि तुडतुडे उलट वाढतात, हे घरी जरूर सांगा.)

दुसरं म्हणजे, कीडही बदलते. बीपीएच १ हे तुडतुड्यांना रोखणारं जनुक असलेला आयआर २६ हा वाण १९७३ मध्ये आला आणि काही वर्षांतच आग्नेय आशियातल्या तुडतुड्यांनी त्याला दाद देणं सोडलं. भारतातल्या तुडतुड्यांवर तर ते जनुक चालतच नव्हतं. त्यामुळे परदेशी शोधनिबंधात प्रतिकारक ठरलेला वाण आपल्याकडच्या किडींवर तपासल्याशिवाय मी मान्य करत नाही.

कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथे भातावर काम चालतं. ठाण्याहून थेट लोकल मिळते. खरिपात जाऊन तिथल्या लोकांशी बोला. आणि सप्टेंबरात गावी गेलात की खाचरात उतरून चुडाच्या बुंध्याशी वाकून बघा, कारण तुडतुडे तिथेच दाटीने बसतात. कुठल्या वाणावर किती दिसले, ते वहीत मांडून ठेवा.